सर्वकालीन सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू : माझं मत मॅराडोनाला

डावखुरा
18 डिसेंबर 2022 ला लुसैलमध्ये मेस्सीने विश्वचषक उचलला, तेव्हापासून "आता वाद मिटला" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. माझ्या मते वाद मिटलेला नाही. सर्वश्रेष्ठ मॅराडोनाच.

1986 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाने 14 गोल केले. त्यातले 5 त्याचे, आणखी 5 त्याच्या पासवर. इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल परत बघा, पण यावेळी फक्त पहिले दोन सेकंद. स्वतःच्या हाफमध्ये, गोलकडे पाठ, दोन्ही बाजूंनी बिअर्डस्ली आणि रीड अंगावर आलेले. चेंडू तळपायाखाली ओढून तो असा गर्रकन वळतो की दोघं मागेच राहतात. पुढचं सगळ्यांना पाठ आहे, पण गोल तिथेच सुरू होतो.

आणि नापोली! तो 1984 ला गेला तेव्हा त्या क्लबने एकदाही इटालियन लीग जिंकली नव्हती. 1987 ला जिंकली, 1990 ला परत जिंकली. पुढची जिंकायला 2023 उजाडलं. एका माणसाने काय फरक पडतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मध्यरेषा
अजिबात सहमत नाही. तुम्ही एका महिन्याच्या स्पर्धेवर अख्खं आयुष्य तोलताय. मेस्सीचे बार्सिलोनासाठी 672 गोल, 8 बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि दीड दशकाहून जास्त काळ तीच उंची. सातत्य हा श्रेष्ठत्वाचा भाग नाही का?

शिवाय 1986 चा संघ दुबळा होता हा समज आता सोडू या. वाल्दानोने त्या स्पर्धेत 4 गोल केले होते. फायनलमध्ये गोल केले ब्राउन, वाल्दानो आणि बुरुचागाने. मॅराडोनाचा त्या सामन्यात एकही गोल नाही.

तुम्ही दोन सेकंद दाखवलेत, मीही दाखवतो. 2022 ची क्रोएशियाविरुद्धची सेमीफायनल, तिसरा गोल. समोर 20 वर्षांचा ग्वार्डिओल, त्या स्पर्धेतला उत्तम बचावपटू. मेस्सी 35 वर्षांचा. वेगात तो हरणार हे दोघांनाही माहीत आहे. म्हणून मेस्सी पळतो, थांबतो, परत पळतो. प्रत्येक थांब्याला ग्वार्डिओलचं वजन चुकीच्या पायावर. शेवटी गोलरेषेजवळून मागे पास आणि आल्वारेझचा गोल. पाय थकल्यावरही ज्याचं डोकं असं चालतं, त्याच्यापुढे कोणाला ठेवायचं?

डावखुरा
फायनलमधला बुरुचागाचा गोल कोणाच्या पासवर झाला, तेही लिहा की! भोवती जर्मनांचा घोळका असताना एका स्पर्शात दिलेला पास होता तो.

आणि काळ विसरू नका. 1983 ला गोइकोएत्शिया या बचावपटूने मागून टॅकल करून मॅराडोनाचा घोटा मोडला. 1986 च्या एका स्पर्धेत त्याच्यावर 53 फाऊल झाले. मेस्सीला पंचांनी जे संरक्षण दिलं, ते याला कधी मिळालं?

जुना प्रेक्षक
फाऊलचाच निकष लावायचा तर मग पेले. 1966 ला पोर्तुगालविरुद्ध त्याला इतकं तुडवलं की उरलेला सामना तो लंगडत खेळला. बदली खेळाडू आणायची सोयच नव्हती. विश्वचषकात बदली खेळाडू आणि पिवळी-लाल कार्डं आली 1970 ला.

1958 च्या विश्वचषकात 17 व्या वर्षी सेमीफायनलला हॅटट्रिक, फायनलला दोन गोल. ब्राझीलकडून 92 सामन्यांत 77 गोल. पण मला आठवतो तो न झालेला गोल. 1970, उरुग्वेविरुद्ध. गोलकीपर मझुर्कीविच पुढे धावून येतो, पेले चेंडूला स्पर्शही करत नाही. चेंडू एका बाजूने जातो, पेले दुसऱ्या बाजूने, मधे गोलकीपर जागच्या जागी फसलेला. पुढचा फटका थोडक्यात बाहेर गेला, याने काय बिघडलं? त्याआधी हे कोणाला सुचलं होतं?

एक कळकळीची विनंती : पेलेबद्दल बोलणाऱ्यांनी 1970 ची फायनल तरी पूर्ण बघावी. क्लिप नको, पूर्ण 90 मिनिटं.

गोलपोस्ट
पेलेचे तीन विश्वचषक मोजताना 1962 चा सोडून द्यावा. दुसऱ्याच सामन्यात तो जखमी झाला, तो चषक त्याचा सहकारी गारिंचाने जिंकून दिला. आणि युरोपात कुठल्या क्लबकडून खेळलाय?

जुना प्रेक्षक
1962 चं मान्य, गारिंचा तेव्हा अफाट होता. युरोपचं मान्य नाही. 1970 च्या ब्राझीलच्या संघातला एकही खेळाडू युरोपात खेळत नव्हता, एवढी ताकद तेव्हा घरीच होती. त्याच 1962 ला पेलेच्या सांतोस क्लबने लिस्बनला जाऊन बेन्फिकाला 5-2 हरवलं. बेन्फिका तेव्हा युरोपचा विजेता, आणि पेलेची हॅटट्रिक.

सातवा नंबर
क्रिस्तियानो रोनाल्डोचं नावच नाही? चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत 140 गोल, 2016 चा युरो कप.

मध्यरेषा
गोल करण्यात त्याला तोड नाही, मनापासून मान्य. पण इथे अख्ख्या खेळाची चर्चा आहे. सामना कुठल्या वेगाने चालेल, हे मेस्सी मैदानाच्या मधोमध उभा राहून ठरवतो.

आणि डावखुरा, एकट्याने ओझं उचलण्याचं म्हणाल तर 2014 ते 2016 मेस्सीची अर्जेंटिना सलग तीन फायनल हरली. शेवटच्या फायनलमध्ये, चिलीविरुद्ध, मेस्सीने स्वतः पेनल्टी बाहेर मारली. त्याच रात्री त्याने निवृत्ती जाहीर केली. तरी परतला. 2021 ला कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा), 2022 ला विश्वचषक, 2024 ला परत कोपा. मॅराडोनाने कोपा एकदाही जिंकलेली नाही.

डावखुरा
कोपाचा मुद्दा बिनतोड आहे, माझ्याकडे उत्तर नाही. 2016 नंतर परत येणं किती अवघड असेल, हाही विचार मी केला नव्हता. तरी नापोलीमुळे मत अजून मॅराडोनालाच.

जुना प्रेक्षक, खरं सांगतो, 1970 ची फायनल मी तुकड्यांतच पाहिलीय. आज रात्री पूर्ण बघतो, मग पेलेबद्दल लिहितो.