मेनँडर, मिनँडर की मेनांद्रोस? निवेदनात काय म्हणू?

रंगपट_सांगली
आमचा हौशी ग्रुप ‘द्युस्कोलोस’ या प्राचीन ग्रीक विनोदी नाटकाच्या रूपांतराचं अभिवाचन करतोय आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. नाटककाराच्या नावावरून रोज वाद. दिग्दर्शक ‘मिनँडर’ म्हणतात, जोर ‘नँ’वर. संहितेत ‘मेनांडर’ आहे. यूट्यूबवर एक ग्रीक बाई ‘मे’वर जोर देतात आणि ‘द’ म्हणताना जीभ दातांत धरतात! सोफोक्लिस, युरिपिडिस कानाला सरावलेत, याचं नाव कुणी घेतलेलंच ऐकलं नाही. त्यात गोर्गिआस या गरीब शेतकऱ्याला आमचा नट ‘गॉर्जियस’ म्हणतो. तालमीत सगळे फुटतात, विहिरीचा प्रसंग वाया.

जुनी_नाणी
कानावर नाही, कारण बरीच शतकं त्याचं एकही नाटक सलग हाती नव्हतं. रोमन नाटककार तेरेन्सने त्याच्यावरून लॅटिनमध्ये चार नाटकं बेतली, ती टिकली. मूळ मात्र तुकड्यातुकड्यांत. ‘द्युस्कोलोस’ इजिप्तच्या पपायरसवर (लव्हाळ्यापासूनचा जुना कागद) जवळजवळ पूर्ण सापडलं आणि 1958 मध्ये छापलं गेलं.

आता उच्चार. जुन्या ग्रीकमध्ये सूर ‘मे’वर चढतो: मेनन्द्रोस. रोमनांनी शेवट बदलून ‘मेनान्देर’ केलं. लॅटिनचा नियम असा की शेवटून दुसरं अक्षर जड (आपल्या वृत्तातलं ‘गुरू’) असेल तर आघात तिथे. ‘नान्’ जड, म्हणून जोर तिकडे सरकला. इंग्रजीने तेच उचललं आणि दिग्दर्शकांपर्यंत ‘मिनँडर’ पोचलं. तुमच्या बाई आजचं ग्रीक बोलतात, त्यात ‘द’ घासून निघतो. नाटककाराच्या काळी तो आपल्या ‘दगडा’तला ‘द’ होता.

पण अथेन्सला जायचं कशाला? हे नाव आपल्याकडे नाण्यांवर आहे. इंडो-ग्रीक राजा मेनँडरच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी ही आपल्याकडची जुनी लिपी: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे त्राता महाराज मेनंद्राचं. राजा वेगळा, नाटककाराच्या दीडएकशे वर्षं नंतरचा, पण नाव तेच. खरोष्ठीत दीर्घ स्वर दाखवत नसत, म्हणून ‘महरजस’. शेवटचा ‘स’ म्हणजे आपला ‘चा’. तो आणि ग्रीक ‘ओस’ काढा, उरतं मेनंद्र. थेओफिलोस राजाच्या नाण्यावर ‘थेउफिलस’ आहे. म्हणजे कोरणाऱ्याने चक्क थ आणि फ लिहिले. सोफोक्लिसचा ‘फ’सुद्धा ‘फळा’तला, ‘फॅन’मधला नव्हे. ही अक्षरं इंग्रजांपेक्षा आपल्या जिभेला सोपी, तरी आपण त्यांच्याच तोंडून ऐकतो. असो, हा माझा जुना राग आहे.

मिलिंद_नावाचाच
‘मिलिंदपञ्ह’ या पालीतल्या बौद्ध ग्रंथातला, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा मिलिंद तो हाच राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद नाव दिलं तेही त्याच्यावरून. म्हणजे तुमचा नाटककार माझा नामबंधू! निवेदनात बिनधास्त ‘मिलिंदराव’ म्हणा.

जुनी_नाणी
नामबंधू खरेच, फक्त सगळे मिलिंद त्या राजाचे नव्हेत. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. तुमच्या घरी काय मनात होतं ते आईला विचारा.

मिलिंद_नावाचाच
विचारलं. म्हणाली, शेजारच्या काकूंच्या मुलाचं आवडलं होतं.

रंगपट_सांगली
😄 ठरलं. पोस्टरवर ‘मेनँडर’, कारण लोक गुगलवर तेच शोधणार. बोलताना ‘मेनंद्र’, जोर ‘मे’वर. दिग्दर्शक कुरकुरले, पण नाण्याचा फोटो दाखवल्यावर गप्प झाले. गोर्गिआसमध्ये ‘ग’ दोनदा ना? आणि नाटकातल्या तिरसट म्हाताऱ्याच्या नावाचं काय? नट ‘नीमन’ म्हणतो.

जुनी_नाणी
हो, ग दोन्ही वेळा ‘गवता’तलाच. म्हातारा क्नेमोन. इंग्रजीत आरंभीचा क गिळतात, ग्रीकमध्ये तो स्पष्ट. पहिला स्वर लांब ‘ए’, शेवटचा लांब ‘ओ’. सुरुवातीचं जोडाक्षर अडत असेल तर ‘म्हाताराक् नेमोन’ असं आधीच्या शब्दाला क चिकटवून म्हणायला लावा. जीभ बसली की ‘म्हातारा’ गाळायचा. आमच्या ग्रुपात ‘क्लुतैम्नेस्त्रा’ हे ग्रीक शोकांतिकेतल्या राणीचं नाव असंच बसवलं होतं.