शाळेला वह्या वाटणाऱ्या कारखान्याचे काजू घ्यायचे का?

माहेरवाशीण_वेंगुर्ला:
आमच्या वाडीतल्या शाळेत दर जूनमध्ये जवळचा एक काजू कारखाना वह्या वाटतो. नारळ, फोटो, भाषण, सगळं साग्रसंगीत. यंदा आम्हा माहेरवाशिणींच्या गटात ठरलं, दिवाळीचे काजू त्यांच्याकडूनच मागवायचे, 'समाजाचं बघणारा माणूस आहे'. मी नको म्हटलं आणि वाजलं.

माझी काकी तिथे बी फोडते. मे महिन्यात तिच्याबरोबर रेशनला गेले होते. मशीनवर अंगठा उमटेना. उजवा, डावा, मग तर्जनी, पदराला पुसून पुन्हा उजवा. टरफलाच्या तेलाने कातडी इतकी खाल्लीय की रेषाच राहिल्या नाहीत. मागे रांग चुळबुळायला लागली तशी काकी स्वतःच बाजूला झाली, जणू चूक तिचीच. दुकानदार म्हणाला, "फोडणाऱ्या बायकांचं असंच असतं. उद्या हात घासून या." हातमोजे नाहीत. मजुरी किलोवर.

ज्यांना हक्क म्हणजे मालकाचा मोठेपणा वाटतो त्यांना वह्या दिसतात. ज्यांना ते आपलं येणं वाटतं, ते आधी हात बघतात. गटात आम्ही भांडलो ते काजूंवरून नव्हेच.

बंदरकर:
ताई, राग मानू नका. कारखाना नसता तर काकी कुठे असती? आमच्याकडे जूनमध्ये मासेमारी बंद झाली की दोन महिने बायका काम शोधत फिरतात. वह्याही न देणारे ढिगाने आहेत, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. जो थोडं करतो त्यालाच झोडायचं, म्हणजे उद्या तोही बंद करेल.

हिशेबनीस:
दोन गोष्टींची गल्लत होतेय. सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी खर्च करण्याची, सक्ती कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 ने आली, 1 एप्रिल 2014 पासून. नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे. वाडीतला कारखाना त्यात बसणं कठीण, म्हणजे वह्या तो स्वखुशीने देतो. पण गंमत पुढेच आहे. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत, कारण ते मालकाचं कर्तव्यच समजलं जातं. उद्योग आणि मानवी हक्क यांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: बाहेर कितीही चांगलं करा, आपल्या कामात हक्क पाळले नाहीत तर त्याची भरपाई त्यातून होत नाही. हातमोज्यांची वजावट वह्यांतून नाही, बंदरकर.

बंदरकर:
तत्त्वं जिनिव्हात, बी वेंगुर्ल्यात.

आबा_मालवण:
माका एक सांगा, तुमी मुंबैत काजूगर घेतास तेव्हा रंग बघतास, तुकडो किती ता बघतास. फोडणारणीचे हात कोण बघता? पन्नास रुपये जास्ती मागले तर दुसऱ्या दुकानात जातास. हक्काची भाषा सगळ्यांका येता.

गुहागरी:
आबांचं पटतं, पण भाव हीच सगळी गोष्ट नाही. दाभोळच्या वीजप्रकल्पावर ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेचा अहवाल आला 1999 मध्ये. आंदोलकांना मारहाण आणि अटका झाल्या, आणि त्या पोलिसांचा खर्च कंपनी करत होती, असा त्यात आरोप होता. ज्याला प्रकल्पावर कंत्राट मिळतं तो 'विकास' म्हणतो. ज्याच्या घरातली बाई पोलीस ठाण्यात बसून येते, तिला हक्काचा अर्थ वेगळा कळतो. माहेरवाशीणबाईंनाही काकी तिथे नसती तर अंगठा दिसला असता का? मला शंका आहे.

माहेरवाशीण_वेंगुर्ला:
नसता दिसला. मीही मागच्या वर्षी तेच काजू वाटलेत. म्हणूनच इथे लिहिलं.

बी_व्यापारी:
मीही छोटा कारखाना चालवतो (वरचा नव्हे). हंगाम संपला की आफ्रिकेची बी आणावी लागते, आणि भाव धरताना व्हिएतनामच्या मालाशी झुंजायचं. तरी मागच्या साली चार डझन हातमोजे आणले. बायकांनी आठवड्यात काढून टाकले. बोटांना बी नीट धरता येत नाही, माल कमी निघतो म्हणाल्या. आता सांगा, दोष कोणाचा?

हिशेबनीस:
किलोवर मजुरी असेल तर काढणारच. मोजा घातला की रोजचा पैसा कमी. एक महिना रोजावर घेऊन बघा.

बी_व्यापारी:
रोजावर घेतलं तर अर्ध्या गप्पा मारत बसतील.

माहेरवाशीण_वेंगुर्ला:
काकीला विचारलं. म्हणाली, "गप्पा मारायला तरी हात सुके हवेत." दादा, तुमचे ते उरलेले मोजे पडून असतील तर एक जोड पाठवाल का? तिला धरता येते का बघते. पैसे देते.

बी_व्यापारी:
पैसे नकोत. पत्ता मेसेज करा.

माहेरवाशीण_वेंगुर्ला:
नाही, पैसे घ्याच. नाहीतर परत वह्यांसारखंच होईल.