एडीएचडी असलेल्या मुलाला औषध द्यावे का? आम्ही होकार का दिला

मूळ लेख : नऊ वर्षांच्या मुलाची आई

आमच्या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाण्याची अवस्था, असल्याचे निदान तो सात वर्षांचा असताना झाले आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ आम्ही औषधाला ठाम नकार देत होतो. त्या काळात आम्ही दोघांनी पालक-प्रशिक्षण घेतले, दिनक्रमाचा तक्ता भिंतीवर लावला, एका वेळी एकच सूचना द्यायला शिकलो आणि वर्गात त्याला पुढच्या बाकावर बसवण्याची विनंती केली. घरात याचा चांगला उपयोग झाला. वर्गात आणि मैदानावर मात्र फारसा फरक पडला नाही, आणि हळूहळू त्याला कोणी खेळायला बोलावेनासे झाले.

एका रात्री झोपताना तो म्हणाला, "मी रोज ठरवतो की मध्ये बोलायचं नाही, तरी मी बोलतोच. म्हणजे मी वाईटच आहे ना?" आठ वर्षांच्या मुलाने स्वतःविषयी काढलेला हा निष्कर्ष ऐकल्यावर, औषध न देणे हाही आपणच घेतलेला निर्णय आहे आणि त्याचेही परिणाम मूलच भोगते, हे मला प्रथमच स्पष्ट दिसले.

बालमानसोपचारतज्ज्ञांनी मेथिलफेनिडेट सुचवले. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मेंदूतील रसायने पेशींमध्ये परत शोषली जाण्याला हे औषध अटकाव करते, त्यामुळे लक्ष टिकवणे आणि कृतीआधी क्षणभर थांबणे सोपे जाते. मुळातच चंचल असलेल्या मुलाला उत्तेजक औषध कसे द्यायचे, ही शंका मलाही होती. पण या गटातील औषधांचा मुलांच्या वर्तनावर होणारा परिणाम चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरांनी १९३७ मध्येच नोंदवला होता, म्हणजे हा उपचार कालपरवाचा नाही.

गोळीने माझा मुलगा गप्प झाला, असे काहीही घडले नाही. पहिल्या आठवड्यात त्याने शाळेत घडलेला एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्येच दुसरीकडे न वळता मला सांगितला. पूर्ण गोष्ट त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

त्रासही झाला. दुपारची भूक मेली, झोप लांबली, आणि संध्याकाळी गोळीचा असर उतरताना तासभर अकारण रडू येत असे. आम्ही सकाळी पोटभर खाऊ घातल्यानंतरच गोळी देऊ लागलो, डॉक्टरांनी मात्रा बदलली, आणि आता त्याचे वजन, उंची, नाडी व रक्तदाब ठरावीक काळाने तपासले जातात. या सगळ्यापेक्षा जड गेले ते जवळच्या माणसांचे बोलणे, की आईला मुलासाठी वेळ नाही म्हणून तिने गोळी शोधली.

प्रतिसाद : औषध न देण्याचा निर्णय घेतलेले वडील

ताई, आपल्या कळकळीविषयी आदर ठेवूनच लिहितो, कारण माझे मत पूर्णपणे वेगळे आहे. औषधाच्या बाजूने नेहमी एमटीए या अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिला जातो. ५७९ मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि चौदा महिन्यांच्या उपचारांनंतर मूळ लक्षणांबाबत काटेकोर औषधयोजना केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरली. इथपर्यंतचे सगळे सांगतात. मात्र त्याच मुलांना तीन वर्षांनी तपासले तेव्हा गटांमधला तो फरक उरलेला नव्हता, आणि पुढे दीर्घकाळ औषध घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची, नगण्य औषध घेतलेल्यांच्या तुलनेत सरासरी सुमारे अडीच सेंटिमीटरांनी कमी भरली.

दुसरा मुद्दा निदानाचा. अमेरिकेत जिथे शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही वयाची सीमा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये दर दहा हजारांमागे सुमारे ८५ निदाने, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांमध्ये सुमारे ६४ निदाने आढळली. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. जन्ममहिन्याने मेंदूचा आजार ठरत नाही. म्हणजे काही मुलांचे केवळ लहान असणेच आजार म्हणून नोंदले जात आहे. माझी मुलगी वर्गात सर्वांत लहान होती. तिला आम्ही एक इयत्ता मागे बसवले आणि निम्म्या तक्रारी संपल्या. उरलेल्यांसाठी आम्ही आजही धडपडत आहोत, हेही मान्य करतो.

एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ सरासरी तीन वर्षे मागे असते, पण तिचा क्रम इतरांसारखाच असतो, असे २००७ मधील एका अभ्यासात दिसले होते. मागे असलेल्या मुलाला वेळ द्यावा की गोळी, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका

पालकांना औषध सुचवण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते कधीही सुचवत नाही. एवढेच नोंदवते की या चर्चेत नेहमी दंगा करणारे मूल डोळ्यांसमोर असते. खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली, कोणालाही त्रास न देणारी आणि वर्षागणिक मागे पडत जाणारी मुलेही असतात, त्यांत मुली बऱ्याच असतात, आणि त्यांच्याबाबतीत निदान अति होण्यापेक्षा निदान न होण्याचीच भीती मला अधिक वाटते.

प्रतिसाद : लहानपणी औषध घेतलेला तरुण

वयाच्या दहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत मी गोळी घेतली. तिने मला अभ्यासात मदत केली, यात शंका नाही. पण ती शक्तीची गोळी आहे असे मला सांगण्यात आले होते, आणि तेराव्या वर्षी वेष्टनावरचे नाव वाचून मी सत्य शोधले. त्या दिवसापासून परीक्षेत मिळालेला प्रत्येक गुण माझा की गोळीचा, हा संशय माझ्या मनातून बराच काळ गेला नाही. माझी तक्रार औषधाविषयी नाही. माझ्याशी कोणी बोलले नाही, याविषयी आहे. आपल्या मुलाला काय सांगितले आहे, हे ताईंनी कृपया लिहावे.

उत्तर : मूळ लेखिका

आधी आपला प्रश्न घेते. मुलाला औषधाचे नाव, ते कशासाठी आहे आणि कोणते काम त्यालाच करावे लागेल, हे सर्व माहीत आहे. तरीही "गुण माझे की गोळीचे" हा संशय त्यालाही येऊ शकतो, हे आपण लिहिल्यामुळे माझ्या लक्षात आले. यावर त्याच्याशी बोलेन.

दादा, आपण दिलेली माहिती खरी आहे, पण तिचा एक भाग राहिला. एमटीएमधील काटेकोर देखरेख चौदा महिन्यांनी थांबली आणि मुले नेहमीच्या उपचारांकडे वळली. काहींनी औषध सोडले, काहींनी नव्याने सुरू केले. त्यामुळे फरक पुसला गेला तो औषधाच्या मर्यादेमुळे की देखरेख सुटल्यामुळे, हे त्यावरून ठरत नाही. उंचीचा मुद्दा मात्र मी निमूटपणे स्वीकारते. ती किंमत आहे आणि ती मुलाच्या शरीराने मोजायची आहे.

तीन वर्षांविषयी आपल्याशी माझे खरे मतभेद आहेत. आठव्या वर्षी मित्र न मिळालेल्या मुलाला अकराव्या वर्षी मेंदूची वाढ गाठता येईल, पण मधल्या तीन वर्षांत त्याने स्वतःविषयी जे मत बनवले असेल, ते कोण बदलणार? ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की परिस्थितीत बदल करूनही मुलाच्या आयुष्याच्या एखाद्या अंगात ठळक अडचण उरत असेल, तर औषधाचा विचार करावा. आम्ही त्याच क्रमाने आलो. आपल्या मुलीला इयत्ता बदलून आराम पडला असेल तर तिला गोळीची गरज नव्हती, हे मी आनंदाने मान्य करते. येत्या सुटीत डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही दोन आठवडे गोळी थांबवून पाहणार आहोत.

प्रतिसाद : तेच वडील

सुटीत थांबवून काय कळणार? आपली अडचण वर्गातली आणि मैदानावरची आहे, आणि सुटीत दोन्ही नसतात. शाळा सुरू असताना थांबवा, आणि शिक्षकांना कोणत्या आठवड्यात गोळी नव्हती हे आधी सांगू नका, म्हणजे त्यांचे निरीक्षण पूर्वग्रहाविना मिळेल. माझे मत बदललेले नाही, पण औषध द्यायचेच असेल तर ते असे पारखून द्यावे.

उत्तर : मूळ लेखिका

हे पटले. डॉक्टरांना विचारून शाळेचे दिवस निवडते. मुलाला मात्र कोणते दिवस ते सांगणारच, आणि त्या दिवसांची नोंद त्याने स्वतः लिहावी असेही सुचवणार आहे.