अभ्यासिकेसाठी ‘विषाणू मारणारा’ फिल्टर घ्यावा का? विजेचं गणित तपासून हवंय

नमस्कार मंडळी,

पुण्यात पेठेत माझी अभ्यासिका आहे. ४० खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची मुलं, सकाळी ८ ते रात्री ८. हॉल ४० बाय १५ फूट, उंची १० फूट. दोन-दोन टनांचे दोन स्प्लिट एसी. रस्त्याच्या गोंगाटामुळे खिडक्या बहुतेक बंदच.

यंदा एकाला ताप आला आणि आठवड्याभरात ११ मुलं आजारी पडली. त्यातली एक मुलगी पूर्वपरीक्षेला बसूच शकली नाही. दोन वर्षं ती कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीवर बसून अभ्यास करत होती. तिचे वडील पुस्तकं न्यायला आले तेव्हा मला त्यांच्याशी धड बोलता येईना.

नंतर कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला. सकाळी कुलूप उघडलं की ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४५०), दुपारी चारला २९००. म्हणजे मुलं दिवसभर एकमेकांचीच हवा आत घेत होती.

एका विक्रेत्याने दोन्ही एसींत यूव्ही-सी नळी (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांची) आणि हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारा दाट फिल्टर) बसवायचं ७६ हजारांचं कोटेशन दिलंय. ‘९९.९ टक्के विषाणू मरतात’ म्हणतो. आमचा एसीवाला म्हणतो, स्प्लिटच्या ब्लोअरला हेपातून हवा ओढायची ताकद नसते, हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरेल. आणि नळीसमोरून हवा डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, तेवढ्यात मरणार किती? मुळात मारायलाच हवं का? फिल्टरच्या धाग्यांत अडकलेला विषाणू तिथेच निकामी होतो ना?

अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०२३ मध्ये तासाला किमान ५ वेळा खोलीची हवा बदलेल इतकी शुद्ध हवा सुचवली. माझ्या हॉलला ती ताशी साधारण ८५० घनमीटर होते. त्यावरून केलेलं गणित असं:

मे महिन्यात बाहेरची ३८ अंशांची तेवढी हवा आत घेऊन २६ वर आणायची तर सुमारे ३४०० वॉट उष्णता काढावी लागते, म्हणजे एसीची वीज ११००-१२०० वॉट (एक वॉट विजेत एसी साधारण तीन वॉट उष्णता बाहेर काढतो असं धरून). साधे हेपा प्युरिफायर दोन लावले तर १२० वॉट. १२ तासांत दीड युनिट, १५ रुपये दर धरला तर महिन्याला साडेसहाशे.

२०२० मध्ये ह्यूस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०० अंशांवर तापवलेल्या निकेल फोमने (निकेल धातूची सच्छिद्र जाळी) करोनाचा विषाणू एका फेरीत ९९.८ टक्के मारल्याचं दाखवलं, तेही वाचलं. पण एवढी हवा नुसती ५ अंशांनी तापली तरी १४०० वॉट होतात. आधी ती वीज भरा, मग तीच उष्णता एसीने बाहेर काढा. मला परवडणार नाही.

कुठे चुकतोय का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद – झरोका

मी इमारतींच्या वातानुकूलनाचं काम करतो. तुमचा एसीवाला बरोबर सांगतोय. विक्रेत्याला एकच विचारा: ९९.९ टक्के एका फेरीत, तुमच्या एसीच्या पूर्ण वेगाला, की बंद पेटीत तासभर ठेवून?

वॉटचं गणित ठीक आहे. चूक दुसरीकडे आहे. ताशी ८५० घनमीटर म्हणजे ५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), ४० डोक्यांत वाटले की माणशी साडेबारा. अ‍ॅशरेच्या (वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) २०२३ च्या २४१ क्रमांकाच्या मानकात वर्गखोलीला माणशी ४० आहेत. दाटीच्या खोलीत ‘तासाला ५ वेळा’ फसवं ठरतं. तुम्हाला १६०० सीएफएम लागतील, म्हणजे सहा-सात प्युरिफायर. तरी वीज ४००-४५० वॉटच. खरी अडचण आवाजाची आहे, पूर्ण वेगावर मुलांना वाचता येणार नाही. जास्त यंत्रं घेऊन मंद चालवा.

फिल्टरने कार्बन डायऑक्साइडचा २९०० चा आकडा मात्र खाली येणार नाही. त्यासाठी बाहेरचीच हवा लागते. एक एक्झॉस्ट लावा, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. थंडीत तर ती हवा फुकट आहे.

प्रतिसाद – धागाकर्ता

माणशी हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता, मनापासून आभार. वीज परवडते, पण सात यंत्रांचे पैसे एकदम जमणार नाहीत. आधी एक्झॉस्ट आणि दोन प्युरिफायर घेतो, ८ खुर्च्या कमी करतो. कोपऱ्यातल्या खुर्च्यांपर्यंत हवा पोहोचायला प्युरिफायर भिंतीशी ठेवू की मधल्या वाटेत?