मदत हवी आहे: आठ वर्षांच्या मुलीचं वजन, आणि लपून खाणं

मुलगी आठ वर्षांची, उंची १२८ सेंटीमीटर, वजन ३८ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २३ च्या आसपास. मोठ्यांसाठी हा आकडा भारतीय निकषांत जेमतेम काठावरचा असतो, पण मुलांचा बीएमआय वयानुसार बघतात आणि त्या तक्त्यात ती लठ्ठपणाच्या गटात येते. थायरॉइड तपासला, नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवायच्या मागे लागू नका, आहे तिथे थांबलं तरी उंची वाढेल तसं प्रमाण सुधारेल. उपासमारीचं डाएट अजिबात नको.

तीन महिन्यांत गोड पेयं बंद केली, जेवताना टीव्ही-मोबाइल बंद केला, झोपायची वेळ साडेनऊवर आणली. रोज तासभर सायकल किंवा पळापळी होते. वजन थांबलंय.

अडचण वेगळीच आहे. परवा तिच्या उशीच्या अभ्र्यात खाऊची चार रिकामी वेष्टनं सापडली, घडी घालून नीट ठेवलेली. शाळेत मुलं चिडवतात, हे तिनेच सांगितलं. मी अजून काही बोलले नाही. वजनाचा विषय तिच्यासमोर काढत नाही, आणि बोलायचं तर आधी आजीशी बोलावं लागेल, कारण दुपारी चार ते सात ती आजीकडे असते.

ज्यांच्या मुलांनी असं लपून खाल्लंय, त्यांनी सांगा: वेष्टनं सापडल्याचं तिला सांगावं का? सांगायचं तर नेमक्या कोणत्या शब्दांत, म्हणजे तिला लाज वाटणार नाही?