'हाऊसफुल्ल'ची पाटी आणि एकच स्ट्रॉ : बनावाचे अनुभव

सूत्रधार (ताई)

मागच्या रविवारी लेकीला 'जाने भी दो यारों' दाखवला. १९८३चा सिनेमा, मुंबईतला बिल्डर, कोसळणारा पूल, लाचखाऊ आयुक्त. म्हटलं, हिला जुनाट वाटेल. पण पोरगी खदाखदा हसत होती. एकाच जागी गप्प झाली. 'खबरदार'ची संपादक शोभा बिल्डरचं बिंग फोडणारे पुरावे जमवते आणि ते छापायचे सोडून त्यांच्याच जोरावर त्याच्याशी सौदा करायला बसते, तिथे. "म्हणजे ही पण?" एवढंच म्हणाली.

मला तिथे कायम दुसरीच गंमत दिसते. शोभा झाल्यात भक्ती बर्वे. आमच्या आईच्या पिढीला त्या 'ती फुलराणी'मुळे ठाऊक, आणि दूरदर्शनवर बातम्या सांगणाऱ्या म्हणूनही. ज्या तोंडून ऐकलं की ते खरंच मानायची सवय, तेच तोंड ब्लॅकमेलच्या भूमिकेत.

तर विचारायचं हे की प्रसिद्धीसाठी रचलेले वाद, पेरलेल्या बातम्या, ठरवून केलेली भांडणं कादंबऱ्या-नाटकं-सिनेमांत खूप पाहिली. प्रत्यक्षात कुणी जवळून पाहिलीत का? स्वतः केली असतील तर आणखी उत्तम. अट एकच, नावं नकोत. ना माणसांची, ना कंपन्यांची.

पिटातला

ताई, केलंय. चौतीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. राहायला लालबागला, आणि एका नाट्यनिर्मात्याकडे पडेल ते काम. नाटकाच्या बुकिंगला 'प्लॅन' असायचा, म्हणजे खुर्च्यांचा छापील तक्ता. तिकीट गेलं की क्लार्क त्या खुर्चीवर फुली मारणार. गिऱ्हाईक खिडकीतून आधी त्या प्लॅनकडे बघतं. पांढराफटक दिसला की "नंतर बघू" म्हणत सटकतं. म्हणून खिडकी उघडायच्या आधी आम्हीच पुढच्या सहा रांगांवर फुल्या मारून ठेवायचो. पेन्सिलीने, खोडता याव्यात म्हणून. कुणी तिसरी रांगच हवी म्हणून अडून बसलं की, "एक पार्टी आत्ताच कॅन्सल झाली बघा, नशीबवान आहात." 'हाऊसफुल्ल'ची पाटीही कधीकधी बाहेर यायची. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पाटी आजच्यासाठी नसायचीच, पुढच्या रविवारसाठी असायची.

पण खरी गंमत पत्रांची. मालकांच्या डोक्यात तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' नाटक बसलेलं. १९७२ साली सेन्सॉरने ३२ कट सांगितले, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, जिंकून आले. मालक हे सगळं मिटक्या मारत सांगायचे आणि शेवटी उसासा टाकायचे, "आपल्याला कोण कोर्टात नेतंय!" सारंग दांपत्याने काय सोसलं याचं त्यांना काही नव्हतं, त्यांना फक्त रांग दिसायची. आमचं नाटक म्हणजे सासरे-जावयाचा फार्स. बंदी घालण्यासारखं त्यात काही असेल तर ते विनोद.

माझं अक्षर बरं, म्हणून मला बसवलं. तीन पत्रं, तीन वेगवेगळ्या शाया. परळचे निवृत्त शिक्षक, गिरगावातल्या दोन मुलींची आई आणि 'एक संतप्त रसिक'. तिघांचाही सवाल एकच, हे असलं बीभत्स नाटक चालतंच कसं? त्यातलं आईचं पत्र एका पेपरात छापून आलं. मालकांनी पेढे आणले.

पुढच्या प्रयोगाला खरंच थोडी माणसं वाढली. मध्यंतरात एक आजोबा खिडकीशी आले. धोतर, टोपी, हातात छत्री. "माझे पैसे परत द्या." मी विचारलं, काका, काय झालं? "पेपरात वाचून आलो. अख्खा अंक संपला. घाण कुठाय?"

मला काही सुचेना. आमच्या क्लार्कने प्लॅनवरची नजरही न काढता सांगितलं, "दुसऱ्या अंकात आहे."

आजोबा परत आत गेले. शेवटपर्यंत बसले होते.

रात्रपाळी

पिटातले, तुमचं ते पत्र माझ्याच डेस्कवरून गेलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. वाचकांच्या पत्रांचा पत्ता तपासायला तेव्हा कुणाला वेळ होता?

मी आधी संध्याकाळच्या पेपरात आणि मग सकाळच्या, मिळून एकवीस वर्षं उपसंपादक. पत्रकारितेत आलो ते 'सिंहासन' सिनेमातला पत्रकार दिगू टिपणीस बघून. अरुण साधू स्वतः पत्रकार, त्यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये 'सिंहासन' केला. निळू फुल्यांचा दिगू सगळं जवळून बघतो, सगळं त्याला कळतं, आणि त्यातलं छापता येतं किती? एक निनावी फोन येतो आणि मुख्यमंत्र्यांची झोप उडते. मला वाटलं होतं, आपल्यालाही असे फोन येतील.

मला मिळाली सिनेमाची पुरवणी, आणि आला तो फॅक्स. एका नटाचं आणि नटीचं 'जमलंय' असा मजकूर, वर ठळक अक्षरांत 'फक्त आपल्यासाठी'. पंधरा दिवसांवर दोघांचा सिनेमा लागायचा होता. मजकुरात एक वाक्य होतं की दोघं जुहूच्या एका कॉफीशॉपात दिसले, टेबलावर कोल्ड कॉफीचे दोन ग्लास होते आणि स्ट्रॉ एकच. मी बातमी घेतली, पण तो स्ट्रॉ काढून टाकला. म्हटलं, फारच होतंय, आणि ओळही लांबत होती.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन पेपरांत तीच बातमी. तिन्हीकडे एकच स्ट्रॉ. 'आमच्या खास प्रतिनिधीकडून', तिन्हीकडे. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सगळ्यांना तो स्ट्रॉ मिळाला, आपल्याला कसा नाही मिळाला?"

ताई, हे खोटं वाटेल, पण बोलणी खाल्ली ती याच्यासाठी.

भाच्याची मामी

माझं छोटंसंच आहे. भाचा फोटोग्राफर, विमानतळाबाहेर उभा असतो. आपल्याला वाटतं, नटी बेसावध सापडली. त्याला गाडीचा नंबर आणि वेळ आदल्या रात्रीच मोबाइलवर आलेली असते. एकदा ही पोरं ट्रॅफिकमध्ये अडकली. मॅडमची गाडी पोचली तर समोर कुणीच नाही. गाडी तशीच पुढे गेली, विलेपार्ल्यापर्यंत फेरी मारून आली, आणि मग मॅडम तोंड लपवत उतरल्या.

स्लो लोकल

मी डोंबिवलीची. आमच्या भिशीतल्या एकीने विचारलं, गाण्याच्या रिअॅलिटी शोला प्रेक्षक म्हणून येणार का? चारशे रुपये, चहा, वडापाव, आणि टीव्हीवर दिसाल. साडी भडक नको आणि पांढरीही नको, एवढीच अट. गोरेगावला सकाळी नऊला पोचलो. दुपारी दोनपर्यंत एकही गाणं नाही.

आधी नुसत्या टाळ्या घेतल्या. मग हसू, मग 'बापरे' असा चेहरा, मग उभं राहून टाळ्या. समोर रिकामा स्टेज. एक तरणा मुलगा हेडफोन लावून ओरडायचा, "आता सगळ्यांनी डावीकडे बघा, तिकडे भांडण लागलंय!" डावीकडे बघितलं तर एक माणूस वायरी गुंडाळत होता.

मग तो माझ्यापाशी आला. "काकू, तुमचा चेहरा फार बोलका आहे. डोळ्यांत पाणी आणाल का?" मी म्हटलं, असं कसं येईल? तर म्हणाला, "घरातलं कुणी गेलं असेल ना, त्यांची आठवण काढा." खूप सहज म्हणाला हो. माझी आई त्याच वर्षी गेलेली. तिच्या शेवटच्या दिवसांत ती मला सारखी विचारायची, "गॅस बंद केलास ना?" ते आठवलं आणि मग मला थांबताच येईना. कॅमेरा जवळ आला. बाजूची बाई खांद्यावर हात ठेवायला लागली तर तिला खूण केली, हात काढा, फ्रेममध्ये येतोय.

एपिसोड लागला तेव्हा एक मुलगा वडिलांवरचं गाणं म्हणत होता आणि मध्येच मी रडत होते. त्या मुलाला मी कधी पाहिलेलंही नाही. पुण्याच्या नणंदेचा फोन आला, "काय गायला गं तो! तू किती रडलीस!" मी हो म्हटलं. काय सांगणार?

सूत्रधार (ताई)

स्लो लोकल, तुमचं वाचून मी थोडा वेळ उठून गेले.

खडूफळा

या धाग्यात 'कमला' यायलाच हवं. तेंडुलकरांचं १९८१चं नाटक. मूळ घटना दिल्लीकडची: अश्विनी सरीन या पत्रकाराने, बायका विकत मिळतात हे दाखवायला, एक बाई खरंच विकत घेतली आणि इंडियन एक्स्प्रेसमध्ये छापलं. नाटकातला जयसिंग जाधव कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो. पण नाटक पेलून धरतो तो घरातला प्रसंग. कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, विचारते, तुम्हाला केवढ्याला घेतलं?

मी कॉलेजात शिकवते. वाचन संपलं की मुलं दरवर्षी जयसिंगच्या बाजूने बोलतात. "मॅडम, त्याशिवाय लोकांना कळणार कसं?" प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण मागच्या थंडीत माटुंगा स्टेशनबाहेर माझाच एक विद्यार्थी दिसला. फुटपाथवरच्या म्हाताऱ्या बाईला ब्लँकेट पांघरतानाचा व्हिडिओ काढत होता. पहिल्यांदा उजेड कमी पडला. दुसऱ्यांदा मध्ये टॅक्सी आली. प्रत्येक वेळी ब्लँकेट काढायचं, घडी घालायची, परत पांघरायचं. तिसऱ्यांदा बाईलाच सवय झाली, तिनेच घडी घालून त्याच्या हातात दिलं.

शेवटी ब्लँकेट तिला मिळालं, हेही सांगते. मी तिथेच उभी होते म्हणून मिळालं की तसंही मिळालं असतं, ते त्याला विचारलं नाही.

मापटं

सगळ्यांचं वाचून वाटेल, हे आजकालचं फॅड. दादासाहेब फाळक्यांपासून आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला लागला. पुढे सुरतेत प्रेक्षक मिळेनात, तेव्हाची त्यांची जाहिरात प्रसिद्ध आहे: ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. आमच्याकडे ही गोष्ट कौतुकाने सांगतात, मीही सांगायचो.

मग एकदा (निवृत्त इंजिनियर, दुसरं काम नाही) हिशेब केला. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे साधारण ३,५६० फूट. मैल ५,२८० फुटांचा. म्हणजे चित्र पाऊण मैलही भरत नाही! त्याच जाहिरातीतला एक आकडा दुसऱ्याला खोटं पाडतोय आणि शंभर वर्षं कुणी भागाकार केला नाही.

फाळक्यांबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही, कृपया तुटून पडू नये.

जोगेश्वरी पूर्व

मी आत्ताच या धंद्यातून बाहेर पडलेय. पीआरमध्ये होते, दोन वर्षं. बातमी पेरण्याला 'सीडिंग' म्हणतात आमच्याकडे. एका रोजच्या मालिकेतल्या दोन नट्यांचं सेटवर पटत नाही, ही बातमी आमच्या ऑफिसात शिजली. त्या दोघी प्रत्यक्षात एकाच डब्यातून जेवायच्या.

बातमी तापती ठेवायला पंधरा अकाउंटं होती. त्यातलं एक माझ्याकडे, कोल्हापूरची मावशी. डीपीला तुळशीवृंदावन. एपिसोड संपला की मावशी दोन ओळी लिहायची, दुसरीची बाजू घ्यायची, कारण आमची क्लायंट दुसरी.

'मैं आझाद हूँ' सिनेमात पत्रकार बाई रागाच्या भरात कॉलममध्ये एक माणूस रचते, आणि लोक त्याला शोधायला लागतात तेव्हा तिला खराखुरा माणूस पकडून आणावा लागतो. मला माणूस आणावा लागला नाही, लोक मावशीशीच बोलायला लागले. गुडघ्याला काय लावता, गौरीच्या फुलोऱ्यात काय करता. मी चोवीस वर्षांची, मला काय माहीत? चाळीत आजीला विचारून उत्तरं द्यायचे. बदलापूरची एक बाई रोज लिहायची. तिचं सासूशी बोलणं बंद होतं, दोघी एकच मालिका दोन खोल्यांत बघायच्या. आजी म्हणाली, तिला सांग, एक दिवस आपला टीव्ही बिघडलाय म्हण.

कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ऑफिसने पासवर्ड बदलला. त्याआधी तिचा शेवटचा मेसेज वाचायला मिळाला: "मावशी, टीव्ही बिघडला म्हटलं. सासूबाईंनी हाक मारून बोलावलं. आता एकत्र बघतो. पण एक सांगू का, तुम्ही त्या दुसरीची बाजू घेता ते आम्हा दोघींनाही पटत नाही."