अमेरिकेहून आलेलं ९१५ मेगाहर्ट्झचं लोरा (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) शेतात चालेल का? लायसन लागतं का?

विहीरवाला: विहीर घरापासून दीडेक किलोमीटर, ओढ्यापलीकडे. लाइट येते रात्री बारानंतर. मग बॅटरी घेऊन चिखल तुडवत स्टार्टर दाबायला जायचं. भाच्याने तिकडून दोन लोरा मोड्यूल आणलीत, पाठीवर ९१५ छापलंय. घरूनच मोटर चालू करीन म्हणतो.

जुना हॅम: काका, तशीच लावू नका. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा अमेरिकेतला मोकळा पट्टा. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, आणि ती जागा कंपन्यांनी लिलावात पैसे मोजून घेतलीय. आपला मोकळा पट्टा ८६५ ते ८६७, २००५ पासून. पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. ट्रान्समीटर १ वॅटपर्यंत, सिग्नलची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत. त्यात लायसन नाही. नवीन घेणार असाल तर दुकानदाराला ईटीएचा (रेडिओ उपकरणाच्या सरकारी मान्यतेचा) कागद मागा. बहुतेक जण तोंडाकडे बघत बसतात, तरी मागा.

सोल्डरगन: मोड्यूल टाकून देऊ नका हो! चिप एसएक्स१२७६ असेल तर कोडमध्ये ८६६ लिहा, बँडविड्थ (सिग्नलची रुंदी) १२५ किलोहर्ट्झ ठेवा. अँटेना मात्र ८६८ ची घ्या.

विहीरवाला: भिंग लावून बघितलं, १२७६ च आहे. ओढ्याकाठी बांबूचं बेट आहे, ते आडवं येईल का?

जुना हॅम: ओल्या पानात सिग्नल मरतो. अँटेना टाकीवर चढवा. आणि मोटरला ड्राय-रन कटऑफ (पाणी संपलं की मोटर बंद करणारा) लावलाय ना?